फिरतं दुखणं

ऑपरेशन होऊन आता दीड वर्ष झालं. त्याआधी मी व्यावसायिक फुटबॉल खेळत होतो, मधल्या फळीत. आता खेळत नाही. मला भेटणारी माणसं दोन प्रकारची असतात. काही जण विचारतात, "खेळाडू माणसाला हृदयाचा आजार होतोच कसा?" बाकीचे त्याच आजाराची फाईल पिशवीत घालून आलेले असतात. ते काहीच विचारत नाहीत, नुसतं माझ्या शर्टाच्या वरच्या बटणापाशी दिसणाऱ्या व्रणाकडे बघत राहतात. त्या दुसऱ्या माणसांसाठी मी हे लिहितो आहे. मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि बी.ए. झालो तोही खेळाडूंच्या जागेवर प्रवेश मिळाला म्हणून. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

लिफ्ट

पुण्याच्या एका क्लबकडून मी सहा हंगाम खेळलो. जानेवारीत दक्षिणेतल्या एका मोठ्या क्लबने बोलावलं. करार तयार होता. फक्त वैद्यकीय तपासणी पुण्यात करून अहवाल पाठवायचा होता. श्रीरामपूरच्या शाळेत काळ्या मातीच्या मैदानावर ज्यांनी मला पहिल्यांदा चेंडू थांबवायला शिकवलं, त्या साळवे सरांना मी आदल्या दिवशी फोन करून कुठले पेढे आणू असं विचारलंसुद्धा होतं.

रक्त, डोळे, गुडघे सगळं व्यवस्थित निघालं. शेवटी छातीवर गार जेल लावून हृदयाची सोनोग्राफी. मशीनवरच्या ताई गप्पिष्ट होत्या.

"कुठल्या जागेवर खेळता?"

"मिडफिल्ड."

"म्हणजे सगळ्यात जास्त पळापळ तुमची."

मी हसलो. त्यानंतर त्या बोलेनाशा झाल्या. हातातलं यंत्र त्यांनी एकाच जागी दोनदा-तीनदा फिरवलं, आणि "मॅडमना बोलावते हं" म्हणून उठल्या.

डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या होत्या, आवाज हळू. बराच वेळ पडद्याकडे बघून त्यांनी विचारलं, "जिना चढताना दम लागतो?"

"नाही," मी म्हणालो.

"आज इथे कसे आलात वर?"

"लिफ्टने."

"फुटबॉलपटू, आणि दुसऱ्या मजल्यावर यायला लिफ्ट?"

मॅडमनी जेल पुसायला कागद दिला आणि म्हणाल्या, "घरून कुणाला तरी बोलावून घ्या. आणि आजपासून मैदानावर पाऊल टाकू नका. सरावालाही नाही."

हृदयाची एक झडप आकसली होती आणि गळतही होती. लहानपणापासून हळूहळू खराब होत आली असणार, असं त्या म्हणाल्या. मी मात्र एवढंच ऐकलं, की सरावालाही नाही.

खाडा

माझं गाव पाथर्डी तालुक्यात. पाऊस बेताचा. दिवाळी झाली की आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, ऊसतोडीला जायचे. उसाच्या कामात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एक जण आजारी पडला की कोयता मोडतो. चुकवलेल्या दिवसाला खाडा म्हणतात. खाडा झाला की मुकादम तर बोलतोच, पण त्यापेक्षा शेजारच्या कोप्यांवरची, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्यांमधली, माणसं काय म्हणतात ते जास्त लागतं. ताप अंगावर काढणं हा आमच्याकडे गुण आहे. "त्यांच्या घरात कधी खाडा न्हाई," असं कुणी म्हणालं की आईची मान ताठ व्हायची.

हीच शिकवण घेऊन मी क्लबमध्ये गेलो होतो. दम लागायला लागून दोन वर्षं झाली होती आणि मी कुणालाही सांगितलं नव्हतं. झोपताना दोन उशा लागायच्या, त्याला मी पित्त म्हणायचो. सरावात आम्ही घट्ट काळं बनियन घालतो. त्याच्या पाठीतलं छोटं यंत्र आपण किती पळालो ते मोजतं आणि संध्याकाळी सगळ्यांचे आकडे भिंतीवर लागतात. माझा आकडा घसरायला लागला. मग मी सगळ्यांच्या आधी मैदानावर जायचो, ते बनियन घालून कडेकडेने चालायचो, आणि सराव संपल्यावर बाकीचे चहा घेत असताना पुन्हा चालायचो. सलग पळणं जमत नव्हतं म्हणून तुकड्या-तुकड्याने अंतर भरून काढायचो. प्रशिक्षक पोरांना सांगायचे, "मास्तरकडून शिका. सगळ्यात आधी येतो, सगळ्यात शेवटी जातो." बी.ए. असल्यामुळे माझं नाव मास्तर पडलं होतं. कौतुक ऐकून मला लाज वाटायची आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच करायचो.

दादांचं उत्तर

त्या दिवसांत आई-दादा संगमनेरजवळ तोडीला होते. दादा दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीने आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्यासाठी खाडा केला होता. माझा एकही सामना त्यांनी बघितलेला नव्हता. हातांवर पाचटाने कापल्याच्या बारीक रेघा होत्या आणि पिशवीत आईने बांधून दिलेल्या भाकरी.

मॅडमनी त्यांना बसवून समजावलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, हा लहान असताना कधी घसा सुजून ताप आला होता? आणि त्यानंतर सांधे दुखले होते? म्हणजे आज गुडघा, दोन दिवसांनी घोटा, मग मनगट, असं फिरतं दुखणं?"

दादांनी हाताच्या रेघांकडे बघितलं. "न्हाई," ते म्हणाले.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मला आठवत नाही."

आम्ही दोघंही खोटं बोललो होतो. खोलीबाहेर आल्यावर दादा म्हणाले, "भाकर खाऊन घे."

मला सगळं आठवत होतं. मी आठ वर्षांचा होतो. प्रवरेच्या काठाला आमची कोपी होती. थुंकी गिळवत नव्हती इतका घसा सुजला होता. आईने हळद-मिठाच्या गुळण्या दिल्या आणि ते उतरलं. पंधरा-वीस दिवसांनी सकाळी उठलो तर उजवा गुडघा टम्म फुगलेला. बैलांना वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, टाकायचं काम माझ्याकडे होतं, ते मला जमलं नाही. दोन दिवसांनी गुडघा उतरला आणि डावा घोटा धरला. मग मनगट. मी रडत सांगायला गेलो तेव्हा दादांनी हातातला कोयता खाली ठेवला.

"परवा गुडघा, काल घोटा, आज हात. दुखणं काय बैल हाय का, दावं तोडून हिंडायला?"

आजूबाजूचे हसले.

"खरं दुखणं एका जागी ऱ्हातं," दादा म्हणाले. "हिंडतं ते सोंग."

आणि त्यांनी हिरव्या वाढ्याचा एक फटका पायावर दिला. फार जोरात नव्हता. आईने मात्र ते नसताना रुईची पानं तव्यावर शेकून सांध्यांना बांधली आणि म्हणाली, "त्यांच्याम्होरं लंगडू नको." मी लंगडायचं बंद केलं. महिनाभराने दुखणं आपोआप गेलं. दादांचंच खरं ठरलं असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. कितीतरी वर्षं मी समजत होतो की मी खरंच सोंग केलं होतं.

शेजारचा पलंग

ऑपरेशनआधी रक्ताच्या तपासण्या करायला आणि अंगात साठलेलं पाणी कमी करायला मला बारा दिवस वॉर्डात ठेवलं. तिथला दिवस सकाळी साडेपाचला वजनाच्या काट्यावर सुरू व्हायचा. मग गोळ्या, मग फरशी पुसणाऱ्या मावशींचा फिनेल, मग डॉक्टरांची फेरी, आणि त्यानंतर काहीच नाही. खेळाडूला सगळ्यात अवघड काय असेल तर हे काहीच नसणं. पाणी मोजून मिळायचं. मी खिडकीतून खाली पार्किंगमधल्या गाड्यांची जागा बघत बसायचो. कोण कुठून निघेल, कुणाला वाट मिळेल. मधल्या फळीतली सवय.

शेजारच्या पलंगावर नेवाशाचे एक टेलरमामा होते. वय पंचेचाळीसच्या आसपास. त्यांची झडप बारा वर्षांपूर्वी बदलली होती, ती आता निकामी झाली होती.

"आधी शिवलं, आता उसवायचं न् पुन्हा शिवायचं," ते म्हणायचे. "आमच्याच धंद्यातलं काम हाय. पण गिऱ्हाईक म्हणून बरं न्हाई वाटत."

गळ्यात मापाची टेप तशीच असायची. नर्स काढायला सांगायच्या, ते काढायचे आणि दुपारपर्यंत ती पुन्हा गळ्यात. मी एकदा विचारलं, "मामा, भीती वाटते का?"

"पहिल्या बारीला न्हाई वाटली. तवा म्हाईतच नव्हतं काय असतंय ते." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझी छाती एक्केचाळीस हाय. सदरा शिवाया टाक कधी, नेवाशाला आलास तर."

दादा त्यांच्याशी तासन्‌तास बोलायचे. माझ्याशी बोलायचं राहून गेलेलं सगळं ते टेलरमामांशी बोलत, ऊस, बैल, पाणी. माझ्याकडे वळले की एकच, "काय पायजे का?"

दोन झडपा

मॅडमनी माझ्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या होत्या. एक धातूची झडप. ती टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, आणि त्या गोळीवर असताना धक्काबुक्कीचा खेळ नाही. हेडर नाही, टॅकल नाही, म्हणजे फुटबॉल नाही. दुसरी जनावराच्या ऊतीपासून केलेली. तिला ती गोळी जन्मभर लागत नाही. सगळं नीट झालं तर कदाचित तीन-चार वर्षं खेळता येईल. पण माझ्या वयात ती लवकर झिजते, आणि मग पुन्हा छाती उघडावी लागते.

मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. दुसरी. सत्तावीस वर्षांच्या मिडफिल्डरला तीन वर्षं म्हणजे सगळं आयुष्य असतं. मोठ्या मैदानावर मी अजून उभाही राहिलो नव्हतो.

आई तोपर्यंत आली होती. ती म्हणाली, "पुन्यांदा फाडायचं असंल तर नगं."

"माझं आयुष्य आहे," मी म्हणालो.

"मंग आमचं काय हाय?"

मी दादांकडे बघितलं. त्यांनी नाही म्हणावं असं मला वाटत होतं, म्हणजे मला त्यांच्याशी भांडता आलं असतं. ते म्हणाले, "तू म्हनशील तसं." माझ्या लहानपणी एका वाक्यात निकाल लावणारा माणूस आता मला काहीच सांगत नव्हता. का, ते आम्हा दोघांना माहीत होतं.

सोमवारी सकाळी टेलरमामांना नेलं. जाताना त्यांनी टेप काढून माझ्या हातात दिली, "धर, आलो की दे." संध्याकाळी कळलं की ते अतिदक्षता विभागात आहेत. मंगळवारीही तेच. बुधवारी दुपारी त्यांच्या बायको आल्या आणि कपाटातल्या वस्तू पिशवीत भरायला लागल्या. चष्मा, डबा, नेवाशाच्या दुकानाची किल्ली. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "टेप दिसंना. तुमी बघितली का?"

मी उशीखालची टेप काढून दिली. त्यांनी ती व्यवस्थित गुंडाळली. एक तासात पलंगावर नवी चादर आली.

त्या संध्याकाळी मी मॅडमना सांगितलं, धातूची बसवा. मोठा विचार केला वगैरे काही नाही. मला भीती वाटली. भीतीने घेतलेला निर्णयही बरोबर असू शकतो, हे मला त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी पटलं. त्या दिवशी फक्त आपण हरलो असं वाटत होतं. साळवे सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पेढे मी आणतो. बरा हो आधी."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दादांना सही करायला बोलावलं. मीही तिथे होतो. ते हळूहळू, अक्षर लावून सही करतात. अर्धी सही झाली आणि पेन थांबलं.

"मॅडम, त्या दिशी मी खोटं बोललो. सांधे दुखत हुते ह्याचे. एकाचं दुसऱ्यात जायचं. मी सोंग म्हनलो. मारलं बी."

मॅडम म्हणाल्या, "मला ठाऊक होतं, काका. झडप बघितल्यावर कळतं. आधी घसा, मग फिरते सांधे, मग हृदयाची झडप, हा सगळा एकच आजार असतो."

"मंग इचारलं कशाला?"

"सगळ्यांना विचारते. बहुतेक घरातले नाहीच म्हणतात." त्यांनी खुर्ची दादांच्या जवळ ओढली. "खरं सांगू का, त्या वेळी डॉक्टरकडे नेलं असतं तर पुढचं कदाचित टळलं असतं. पण तुम्हाला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं."

त्या 'कदाचित'ने दादांना धीर मिळाला की ते आणखी खचले, मला समजलं नाही. त्यांनी उरलेली अर्धी सही केली.

दम

ऑपरेशनचं मी फार लिहीत नाही. जाग आली तेव्हा घशात नळी होती आणि बोलता येत नव्हतं. छाती लोखंडी दाराने बंद केल्यासारखी. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, हे तिथली प्रत्येक नर्स शिकवते, आणि त्या उशीवर मी आजही जीव टाकतो. चौथ्या दिवशी व्हरांड्यात वीस पावलं चाललो. कधी काळी सामन्यात दहा किलोमीटर पळणारा माणूस वीस पावलांनंतर भिंत धरून उभा राहिला, आणि आईने मोठा सामना जिंकल्यासारखं सगळ्या वॉर्डाला सांगितलं.

झडपेचा आवाज येतो, टिक टिक. आई पहिल्यांदा जवळ बसली तेव्हा म्हणाली, "ह्यानं घड्याळ गिळलं जनू." आजारपणात ती एवढं एकच वाक्य हसून बोलली असेल.

दोन महिन्यांनी तपासणीला गेलो. या वेळी जिन्याने चढलो. पहिला मजला, दुसरा मजला. वर पोचलो आणि थांबलो, कारण दम लागायची वाट बघत होतो. तो लागलाच नाही. ती दोन वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की जिना चढल्यावर सगळ्यांचीच छाती अशी धडधडते, फक्त बाकीचे सहन करतात. तिथल्या बाकावर बसून मी रडलो. आता माझ्यात नव्वद मिनिटं पळायचा दम होता आणि खेळायची परवानगी नव्हती.

त्याच आठवड्यात माझ्या जुन्या प्रशिक्षकांचा फोन आला. तोवर मी त्यांना बनियनची गोष्ट सांगून टाकली होती. ते म्हणाले, "तू कमी पळायचास ते मला दिसत होतं, मास्तर. पण चेंडू जिथे येणार तिथे तू आधीच उभा असायचास. मला वाटायचं, काय खेळ वाचतो हा पोरगा." त्यांनी ते चांगल्या मनाने सांगितलं. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की ती हुशारी दम नसल्यामुळे आली होती. पळता येत नाही म्हणून उभं कुठे राहायचं ते मी शिकलो. ज्या आजाराने माझं खेळणं थांबवलं, त्यानेच ते घडवलंही होतं. यावर आनंद मानावा की दुःख, मला आजही कळत नाही. सध्या मी साळवे सरांच्या शाळेत पोरींना फुटबॉल शिकवतो. दिवस चांगला जातो. टीव्हीवर सामना लागला की मात्र मी बाहेर जाऊन बसतो.

एकवीस दिवस

दर एकवीस दिवसांनी पाथर्डीच्या सरकारी दवाखान्यात मला एक इंजेक्शन घ्यावं लागतं, घशाचा तो आजार पुन्हा उलटू नये म्हणून. किती वर्षं, याला मॅडमनी उत्तर दिलं नाही. इंजेक्शन दाट असतं, कमरेखाली दगड ठेवल्यासारखं दुखतं. माझं रक्त पातळ असल्याने टोचलेली जागा दहा मिनिटं दाबून धरावी लागते. ते काम दादांनी स्वतःकडे घेतलं आहे. मी श्रीरामपूरहून येतो, ते गावाहून येतात. तोडीचा हंगाम असला तरी येतात. दर एकवीस दिवसांनी एक खाडा.

ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. घसा धरून ताप आला तर डॉक्टरला दाखवा. नंतर आज हा सांधा, उद्या तो असं दुखायला लागलं, तर त्याला खोटं पाडू नका. हे मी दादांच्या परवानगीने लिहिलं आहे. "लिव्ह," ते म्हणाले, "माझं बी लिव्ह."

मागच्या वेळची गोष्ट. नर्सने टोचलं, कापसाचा बोळा दादांच्या हातात दिला आणि पुढच्या माणसाकडे गेल्या. दादांनी अंगठ्याने बोळा दाबला. कोयता धरून त्या अंगठ्याला घट्टे पडले आहेत, ते कापसातूनही लागतात.

"दुखतंय का?"

दीड वर्ष मी या प्रश्नाला नाही म्हणत आलो होतो. लंगडायचं नाही हे मी फार लवकर शिकलो होतो. त्या दिवशी का कोण जाणे, म्हणालो, "हो. कमरेत दुखतंय. छातीच्या हाडात पण. सकाळी खांदा धरला होता."

बोलून तर गेलो, पण अंग आक्रसलं. आठ वर्षांचा असताना आक्रसायचं तसंच.

दादांनी मान वर केली. घड्याळाकडे बघितलं. दहा मिनिटं होऊन गेली होती. त्यांनी अंगठा उचलला नाही.

"हिंडू दे," ते म्हणाले. "कुठं कुठं जातंय ते मला सांगत जा."